जळालेली वाटी

"काका, ही आपली उर्वी ना?" म्हणून देवांगने फोन नाकासमोर धरला तेव्हा सुमंतच्या एका हातात कागदी प्लेट होती आणि दुसऱ्या हातात अर्धी खाल्लेली चकली. अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरच्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये मराठी मंडळाचा दिवाळी फराळ असा काही रंगात आला होता, की शेजारच्याचं बोलणं ऐकायला त्याच्या तोंडाला कान लावावा लागत होता. देवांग पुण्याचा, आयटीतला, मनाने सरळ पोरगा; काही पाहिलं की चारचौघांना दाखवल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. फोनवर धूर होता. धुरात पिवळे शर्ट, हेल्मेट, आणि एक पाठमोरी मुलगी उतारावरून आडवी चालली होती. तिच्या हातात किटलीसारखा डबा होता आणि डब्याच्या चोचीतून पेटतं तेल गवतावर ठिबकत होतं. ती पुढे जाई आणि तिच्या मागे आग उभी राही. चेहरा दिसत नव्हता, पण डावं पाऊल जरासं बाहेर टाकायची ती चाल सुमंतने तिच्या पहिल्या पावलापासून पाहिली होती. आणि तिच्या डाव्या अंगाला, धुरातून मधूनच दिसणारा, वरपासून खालपर्यंत दुभंगलेला तो खडकही त्याने पाहिला. "काय भारी ना यार! सॉरी, काका," देवांगने जीभ चावली, "पण खरंच भारी. गेल्या वर्षीचा व्हिडिओ, आत्ता फिरायला लागलाय. आग यायच्या आधीच मधलं जंगल जाळून टाकलं यांनी, म्हणून पलीकडचं गाव वाचलं. कॉमेंट्स वाचा, लोक पाया पडतायत तिच्या." सुमंत "वा, वा" म्हणाला. दोनदा म्हणाला. मग चकली प्लेटमध्ये ठेवली, प्लेट खुर्चीवर ठेवली, आणि बायकोला, वसुधाला, न सांगताच बाहेर पार्किंगमध्ये येऊन आपल्याच गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

दीड वर्ष. दीड वर्ष तो त्या लोकांना शिव्या घालत होता. गेल्याच्या गेल्या जूनमध्ये डोंगरात आग लागली, दोन आठवडे धुमसली, आणि शेवटी वाटी गेली. वाटी हे नाव नकाशात शोधून सापडायचं नाही. ते या घराने ठेवलेलं. फिनिक्सच्या तव्यावरून निघून चारेक तास वर चढत गेलं की पाइनचं राज्य सुरू होतं, आणि त्या पाइनमध्ये, रस्ता सोडून दोन टेकड्या ओलांडल्या की एक खोलगट, हिरवी, सगळ्या बाजूंनी झाडांनी झाकलेली जागा होती, कडेला तो दुभंगलेला खडक. उर्वी लहान असताना म्हणाली होती, बाबा, ही तर आमटीची वाटी आहे, आणि तेव्हापासून ती वाटी. ती वाटी आगीने जाळली असती तर एकवेळ सुमंतने गिळलं असतं. आग म्हणजे आग, तिला काय कळतं? पण बातमीत कळलं की ती माणसांनी मुद्दाम पेटवून दिली, आगीच्या वाटेतलं सरपण आधीच संपवावं म्हणून. झालं. त्या दिवसापासून सुमंतच्या तोंडाचा पट्टा जो सुटला, तो सुटला. गाढवं लेकाची, म्हणायचा. कम्प्युटरवर नकाशा बघून काडी लावणारी माणसं. कधी एक रात्र काढली होती का त्या जंगलात? हे सगळं तो उर्वीलाच फोनवर ऐकवायचा, कारण वाटी म्हणजे काय हे कळणारं जगात दुसरं होतंच कोण? ती स्वतः जंगलातल्या आगी विझवण्याच्या एका तुकडीत होती, उन्हाळाभर या राज्यातून त्या राज्यात. त्याला वाटायचं, आपल्या बाजूचं कुणीतरी आतलं माणूस आहे. आणि ती म्हणायची, "हं, बाबा." इतकंच. एकदा त्याने म्हटलं होतं, ज्याने ती काडी लावली ना, त्याचा हात झडो. तेव्हासुद्धा पलीकडून जरा वेळाने आलं होतं, "हं, बाबा." पार्किंगमध्ये उभ्या उभ्या सुमंतला तो जरासा वेळ आता ऐकू आला.

घरी येताना वसुधा बोलत होती. कुणाच्या करंज्या तेलकट होत्या, कुणाची सून कशी हात बांधून उभी होती. सुमंतने हो हो केलं. तिला सांगावं का? पण वसुधाला सांगायचं म्हणजे ते घरात येणार, डायनिंग टेबलावर बसणार. तिचं आणि वाटीचं आधीच सख्य नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी कम्प्युटर-चिपच्या कारखान्यातल्या डेनिस नावाच्या सहकाऱ्याने सुमंतला पहिल्यांदा शिकारीला नेलं, आणि मिरजेत उंदीर मारतानाही डोळे मिटून घेणारा हा माणूस परत आला तो डोळ्यांत काहीतरी वेगळंच घेऊन. वसुधाने आकाशपाताळ एक केलं. मग तिचे नियम ठरले. मांस गॅरेजमधल्या फ्रीजरपलीकडे येणार नाही. भांडी वेगळी, ती बाहेरच्या नळावर धुवायची. आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल नाही. सुमंतने सगळं मान्य केलं, आणि मंडळाने त्याचं नाव शिकारीकाका ठेवलं तेही मान्य केलं, कारण त्यांना कसं सांगणार की गोळी झाडणं हा त्यातला चिमूटभर भाग आहे. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा, घोड्याएवढा. त्याला मारण्याचं परमिट, इथल्या भाषेत टॅग, सोडतीत निघायला वर्षानुवर्षं जातात, आणि निघालं तरी बहुतेकदा माणूस रिकाम्या हातांनी परत येतो. पण सोडत लागो न लागो, सुमंत जायचाच. सप्टेंबरात नरांचं ते शीळ घातल्यासारखं ओरडणं ऐकायला, कानांवर केसांचे झुपके असलेल्या खारी बघायला, नुसता एका जागी बसायला. बारा तास क्लीनरूममध्ये पांढऱ्या झग्यात, मास्कमध्ये, हातमोज्यांत काढणाऱ्या माणसाला पाइनच्या सालीचा वास म्हणजे काय, हे कुणाला सांगून कळणार? उर्वीला न सांगता कळलं होतं. दहा वर्षांची असल्यापासून ती त्याच्या शेजारी, न हलता, नाक ओढलं तरी आवाज न करता बसायची. बाकीच्यांच्या मुली भरतनाट्यम शिकत होत्या, ही वारा कुठून येतो ते शिकत होती. मग कॉलेजात तिने बंदूक सोडली, कॉलेजही जवळजवळ सोडलंच, आणि आगीमागे गेली. लोक विचारायचे, मग पुढे काय करणार? सुमंत तोऱ्यात सांगायचा, पुढे काही नाही, हेच.

त्यानंतरचे दिवस त्याला घर पुरेना. रिटायर होऊन वर्ष झालेलं, म्हणजे हाताला आधीच काम नाही. तो सोसायटीच्या रस्त्यांवरून चालत सुटायचा, एकसारखी बदामी घरं, एकसारखी खडीची अंगणं, आणि कॉलनीच्या टोकाला पोचला की आठवायचं नाही की आपण इकडे का आलो. परत यायचा, संत्र्याच्या झाडाला पाणी घालायचा, वसुधा म्हणायची, "अहो, सकाळीच घातलंत, कुजवताय की काय त्याला?" रागावावं कुणावर हेच ठरत नव्हतं. मनातल्या मनात तो उर्वीशी भांडायला सुरुवात करायचा, अगं, जागा माहीत होती ना तुला? आणि मग भांडता भांडता मध्येच त्याला आपलाच आवाज ऐकू यायचा, हात झडो, आणि भांडण तिथेच तुटायचं. पोरीने हे दीड वर्ष पोटात ठेवलं होतं. आता आपण काही बोललो आणि ती म्हणाली, ठीक आहे बाबा, मग मी येत नाही, तर? एकुलती एक. असाही तिचा पाय घरात ठरत नाही. आणि काही न बोलता राहिलो, तर यापुढे प्रत्येक "हं, बाबा"च्या मागे ते असणारच. त्यात भर म्हणजे यंदा सोडतीत त्याचं नाव निघालं होतं. फॉर्म सवयीने भरला होता, जागाही सवयीने तीच लिहिली होती; वाटी जळाल्यावर तिथे कोण मरायला जाणार म्हणून बहुतेक इतरांनी लिहिलीच नसावी. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात शिकार. त्याने ठरवलं होतं जायचं नाही. मेलेलं माणूस बघायला जावं लागतं, मेलेली जागा बघायची सक्ती नाही. पण उर्वी थँक्सगिव्हिंगला आली, जिन्यात बॅग टाकली, आईला मिठी मारली आणि फ्रीज उघडता उघडता म्हणाली, "बाबा, टॅग लागलाय ना तुला? मी येते. वेपन नाही घेणार, पण येते." सुमंत म्हणाला, "गुडघे दुखतात." ती म्हणाली, "मी कॅरी करेन." वसुधा कढईतून मान वर न करता म्हणाली, "जा बाई घेऊन त्यांना. झाड तरी वाचेल माझं."

गाडीत दोघं जगातल्या सगळ्या विषयांवर बोलली. पहाटे गाडी जिथे सोडायची तिथे सोडली, आणि उजाडता उजाडता पहिली टेकडी चढून सुमंत थांबला. त्याला रस्ता कळेना. पंचवीस वर्षं तो इथून डोळे झाकून गेला असता. त्याचे टप्पे झाडांचे होते, वीज पडलेलं झाड, जुळी झाडं, ज्याला ते म्हातारा म्हणत तो दोघांच्या कवेत न मावणारा पाइन. आता जिकडे बघावं तिकडे काळे खांब. साली गळून गेलेले, फांद्या नसलेले, एकासारखे एक, आणि मधून सगळं आरपार दिसत होतं. ही टेकडी, ती टेकडी, पलीकडचा कडा, त्याच्याही पलीकडचं आकाश. जंगलाला इतकं मोठं आकाश कधी नव्हतं. त्याला कुणाच्या तरी घरात चुकीच्या वेळी शिरल्यासारखं ओशाळं वाटलं. तो उजवीकडे वळला. उर्वी हलकेच म्हणाली, "बाबा, इकडून." काही पावलांनी तो पुन्हा चुकला. मग ती पुढे झाली. "वारा वाढला ना की निघायचं हं," ती म्हणाली, "ही उभी मेलेली झाडं अशीच पडतात. आवाज आला तर वर बघ, पळू नको." पायाखाली राख नव्हती, राख पावसांनी कधीच धुऊन नेली होती, ओढ्याचं मात्र पार वाटोळं झालं होतं, डोंगरावरून आलेल्या चिखलाने तो पुरुषभर खोल चिरला होता, आणि ज्या डोहात डेनिस मासे धरायचा तिथे नुसते गोटे पडले होते. झुपकेवाल्या खारी नाहीत. त्यांना पाइन लागतो. एक सुतार पक्षी कुठेतरी काळ्या खोडावर ठोकत होता, मग दुसरा, मग तिसरा. इतके सुतार इथे कधी ऐकले नव्हते. "किडे खातायत," उर्वी पुढून कुजबुजली, "बर्न झाल्यावर येतात ते." आणि सुमंत तिच्या पाठीकडे, त्या बाहेर पडणाऱ्या डाव्या पावलाकडे बघत चालला होता. ती कुठेही अडखळत नव्हती. कुठल्या खड्ड्याला वळसा घालायचा, कुठे ओढा ओलांडता येतो, तिला सगळं माहीत होतं, कारण या उतारावरून ती आडवी, पाऊल पाऊल टाकत, डबा हातात धरून गेली होती. त्याच्या मनात आलं, आता ही जागा माझ्यापेक्षा हिची जास्त आहे. या विचाराने त्याला काय झालं म्हणाल तर राग आला, चक्क पोरासारखा राग.

वाटीच्या कडेला एका कलंडलेल्या खोडामागे ती दोघं बसली. खाली वाटी होती. झाडांचं झाकण उडालं होतं आणि तळ पिवळ्या गवताने भरून गेला होता, आणि गवतातून कमरेएवढी ॲस्पेनची रोपटी, शेकड्यांनी, हजारांनी, नोव्हेंबरात पानं झडलेली, नुसत्या काटक्या. आणि त्या काटक्यांमध्ये एल्क चरत होते. सुमंतने दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. एखाददुसरा नव्हे, कळपच. पूर्वी इथे तासन्‌तास बसून एखादं शेपूट झाडाआड जाताना दिसलं तरी आठवडा सार्थकी लागायचा. आणि आता हे लग्नाच्या पंगतीला बसल्यासारखे, उघड्यावर, माना खाली घालून, कराकरा शेंडे तोडत होते. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला वाटलं, लाज नाही यांना. जिथे वाढलात ती जागा जळून गेली, आणि तुम्ही जेवताय?

"बाबा, तो डावीकडचा," उर्वी कुजबुजली.

"मी पाहिला तो व्हिडिओ," सुमंत म्हणाला.

त्याने हे आत्ता म्हणायचं ठरवलं नव्हतं. कळप दोनशे यार्डांवर, बंदूक मांडीवर, आणि तोंडातून हे. उर्वी हलली नाही, लहानपणची सवय. "देवांगने दाखवला. तूच होतीस."

"हं, बाबा."

"हं बाबा म्हणू नकोस!" हे त्याने इतक्या हळू म्हटलं की राग नुसता ओठांवर दिसला असेल. "दीड वर्ष मी काय वाट्टेल ते बोलत होतो. तू ऐकून घेत होतीस. एका शब्दाने सांगता येत नव्हतं? ऑर्डर होती, नाइलाज होता, काहीतरी?"

"ऑर्डर मला नव्हती," ती म्हणाली. खालून एका मादीने मान वर केली, कान फिरवले, दोघं श्वास धरून बसली, मग मान खाली गेली. उर्वी तशीच समोर बघत, ओठ न हलवता बोलू लागली. "वाटी बर्न करायची हे डिसाइड झालं होतं. वारा फिरला होता, रात्रीपर्यंत आग गावात गेली असती. या साइडला टॉर्च, तो पेटत्या तेलाचा डबा, दुसऱ्या दोघांकडे होता. मी बॉसकडून मागून घेतला. म्हटलं, give it to me, I know this place."

"का?"

"आबांचं तू सांगितलं होतंस ना. इथेच. त्र्यंबककाकाने अग्नी दिला म्हणून. कुणीतरी लावणारच होतं, बाबा. मग म्हटलं, परक्या माणसाने कशाला? आपल्या घरच्याने लावावी ना."

सुमंतने दुर्बीण डोळ्यांना लावली. दुर्बिणीत गवत होतं, आणि मग गवतही दिसेना. आबा, म्हणजे त्याचे वडील, मिरजेला गेले तेव्हा त्याचा व्हिसा नूतनीकरणात अडकलेला होता. वकील म्हणाला, आता बाहेर गेलात तर परत येणं अवघड. तरी तो निघाला होता, फ्रँकफर्टला विमान चुकलं, आणि तिथल्या एका खांबाशी उभा राहून त्याने फोनवर ऐकलं की मे महिना आहे, किती वेळ ठेवणार, त्र्यंबकने अग्नी दिला. त्र्यंबक चुलतभाऊ, गुणी माणूस, त्याच्याविषयी काही तक्रार नव्हती. तक्रार हीच होती की ती कुणाविषयीच नव्हती. मिरजेला पोचला तेव्हा घरात चपलांचा ढीग आणि आईने त्याच्याकडे बघून नुसतं म्हटलं, जेवलास का? हे त्याने वसुधाला नीट कधी सांगितलं नव्हतं. एकदा, फक्त एकदा, इथे बसून, बारा वर्षांच्या मुलीला, सूर्य मावळताना सांगितलं होतं, आणि नंतर वाटलं होतं, उगाच सांगितलं, पोरीला काय कळणार. पोरीने ते ठेवलं होतं. नुसतं ठेवलं नव्हतं, धुरात, पिवळ्या शर्टात, वारा फिरलेला असताना ते तिला आठवलं होतं, आणि आख्ख्या तुकडीत दुसऱ्या कुणाच्या बापाच्या मनात येणार नाही असं काहीतरी तिने केलं होतं. आणि तो तिला फोनवर म्हणाला होता, हात झडो.

"बाबा," उर्वी म्हणाली, "वारा बदलतोय. मारायचं असेल तर आत्ता. नाहीतर चल, जाऊ."

त्याने बाहीने डोळे पुसले. बंदूक खोडावर टेकवली. डावीकडचा नर आडवा झाला होता, पुढचा पाय पुढे, बरगड्या मोकळ्या. सुमंतने श्वास अर्धा सोडला आणि तिथे धरला. गोळीचा आवाज वाटीत फिरला, कडेला आपटला, पूर्वी तो झाडांत मुरायचा, आता मुरायला काही नव्हतं, तो बराच वेळ फिरत राहिला. नर चार ढेंगा गेला आणि गुडघ्यांवर आला. बाकीचा कळप पळाला, पण फार लांब नाही.

तो मरेपर्यंत दोघं लांब थांबली, मग खाली उतरली. उर्वीने बऱ्याच वर्षांत हे काम केलं नव्हतं. जरा घुटमळली, मग बाह्या वर करून मागचा पाय धरला आणि छातीशी ओढून ठेवला. सुमंतने सुरी चालवली. आतून वाफ आली. वर एक काळं झाड करकरलं, दोघांनी वर बघितलं, ते पडलं नाही. सुमंतचे हात कोपरापर्यंत त्या उबेत होते आणि डोकं खाली होतं; तसं असलं की बोलायला बरं पडतं.

"हात झडो म्हटलं होतं मी," तो म्हणाला.

"आय नो."

"तुला माहीत होतं, मी तुलाच म्हणतोय."

"तुला माहीत नव्हतं ना पण," उर्वी म्हणाली. "सोड ते, बाबा."

"सोडतो. पण फोन करायचा होतास." सुरी थांबली. "त्या दिवशी. लावायच्या आधी."

"आणि काय सांगायचं? तू नको म्हणाला असतास."

"नसतं म्हटलं."

"बाबा."

"बरं, म्हटलं असतं," सुमंत म्हणाला. "नको म्हटलं असतं, आरडाओरडा केला असता, आणि गाडीत बसलो असतो."

"सगळा हायवे क्लोज्ड होता. खालच्या गावापासून पोलीस होते. तुला आत सोडलं नसतं कुणी. पोचलाच नसतास तू."

"माहीत आहे गं," तो म्हणाला. "तरी निघालो असतो. जिथे अडवलं असतं, तिथे उभा राहिलो असतो."